मेंढीचं रक्त काय सांगतं?



आज आपण मेंढीच्या रक्ताबद्दल बोलणार आहोत. आम्ही बोलतोय नवी मुंबईतल्या सीवूड्सहून. तुम्ही म्हणाल, तिथे इमारती आणि लोकल गाड्या, मेंढरांचं काय काम? पण या स्टेशनच्या नावातच दारावे हे गाव आहे आणि शेजारी करावे. १९७० साली सिडको आली, त्याआधी या पट्ट्यात भातखाचरं, मिठागरं आणि खाडी होती. इथून जवळच्या पनवेल, पेण, कर्जत भागात आजही दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढपाळ कळप घेऊन उतरतात. भात कापून झालेल्या खाचरांत मेंढरं बसवतात, शेताला खत मिळतं आणि मेंढरांना चारा. शिवाय तुमच्या कळपातलं मेंढरू शेवटी येतं ते शहराकडेच. खाडीपलीकडे देवनारला १९७१ पासून मोठा कत्तलखाना आहे. तिथे किंवा इथल्या मटणाच्या दुकानात कलेजी कापली, की कधी कधी आतल्या नळ्या जाड, पांढऱ्या, कडक झालेल्या दिसतात आणि त्यातून पानासारखे चपटे जंत बाहेर येतात. अशी कलेजी फेकून द्यावी लागते. हे नुकसान शहरात दिसतं, पण त्याची सुरुवात झालेली असते गावाकडे, चार-सहा महिने आधी. आणि त्या चार-सहा महिन्यांत मेंढीच्या रक्तात त्याची खबर लिहिलेली असते. ती वाचायची कशी, हेच आज समजून घेऊ.

हा विषय गटासाठी महत्त्वाचा का?

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. कळप घेऊन फिरणारे पुरुष दिसतात, पण कोकरांची काळजी, आजारी मेंढीला बांधून चारा घालणं, वाड्याची झाडलोट ही कामं बहुतेक घरांत बायकाच करतात. आता अनेक बचत गट कर्ज काढून मेंढ्या घेतात. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. समजा, अशा वीस मेंढ्यांतल्या तीन पावसाळ्यानंतर गेल्या आणि पाच गाभडल्या किंवा वाळल्या. मग हप्ता कशातून भरायचा? मेंढी एका दिवसात मेल्यासारखी वाटते, पण जंतांमुळे ती महिना-दोन महिने आतून खंगत असते. ते खंगणं वेळेत ओळखता आलं, तर मेंढीही वाचते आणि गटाचा पैसाही.

पोटातला रक्तपिता जंत

मेंढीच्या चौथ्या पोटात एक गोल जंत राहतो. शास्त्रातलं नाव हिमाँकस. दोन-तीन सेंटिमीटर लांब, सुतासारखा. मादीच्या अंगावर लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांचा पीळ दिसतो. लाल पट्टा म्हणजे तिने प्यायलेलं रक्त.

एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो किंवा वाया घालवतो. म्हणजे एक थेंब. पण पावसाळ्यात एका मेंढीच्या पोटात हजार जंत असणं काही विशेष नाही. हजार जंत म्हणजे दिवसाला ५० मिलिलिटर, अर्धा कप चहाएवढं रक्त. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असतं सुमारे दोन लिटर. वीस दिवसांत एक लिटर रक्त जंतांनी संपवलं, तर मेंढी नवं रक्त बनवणार तरी किती?

वाढ किती झपाट्याने होते, तेही ऐका. एक मादी जंत दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात. पावसाळी उबेत आठवडाभरात त्यातून पिल्लं तयार होऊन ओल्या गवतावर चढतात. मेंढी ते गवत खाते आणि तीन आठवड्यांत तेच जंत तिच्या पोटात मोठे होऊन अंडी घालू लागतात. म्हणून जुलै ते ऑक्टोबर हा धोक्याचा काळ.

हिमोग्लोबिन: आपल्या ओळखीची तपासणी

गरोदरपणात बोट टोचून एचबी बघतात, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. एचबी म्हणजे हिमोग्लोबिन, रक्ताला लाल रंग देणारा आणि अंगभर प्राणवायू पोचवणारा पदार्थ. मेंढीतही तोच असतो. निरोगी मेंढीचं हिमोग्लोबिन साधारण ९ ते १५ ग्रॅम असतं. रिपोर्टवर त्याच्या जवळच पीसीव्ही असं लिहिलेलं असतं. शंभर भाग रक्तात लाल पेशींचा भाग किती, ते हा आकडा सांगतो. मेंढीत तो साधारण २७ ते ४५ असावा. वीसच्या खाली गेला तर अंगात रक्त फार कमी आहे, आणि पंधराच्या खाली म्हणजे जीव धोक्यात.

रक्त पिणारे जंत असले की हे दोन्ही आकडे खाली येतात. रक्ताबरोबर लोहही बाहेर जातं. अंगातला लोहाचा साठा संपला की नवीन लाल पेशी लहान आणि फिकट बनतात. मेंढी कळपाच्या मागे पडते, चढावर थांबते, धापा टाकते.

रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचे प्रकार दिलेले असतात. त्यात इओसिनोफिल नावाची पेशी जंतांच्या त्रासात बऱ्याचदा वाढते. तो आकडा वाढलेला दिसला तर डॉक्टरांना जंतांबद्दल जरूर विचारा.

अल्ब्युमिन: जबड्याखालच्या सुजेचं कारण

मेंढीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज येते, हे तुम्ही पाहिलं असेल. बोटाने दाबलं तर खळगा पडतो. संध्याकाळी चरून आल्यावर सूज मोठी दिसते, सकाळी थोडी उतरते. कोणी त्याला काटा लागला म्हणतं, कोणी चावा. खरं कारण बहुतेक वेळा रक्तात असतं.

रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. यकृत ते बनवतं. रक्तवाहिन्यांतलं पाणी धरून ठेवणं हे त्याचं काम. जंत रक्त पितात किंवा आतड्याचं अस्तर सोलवटतात, तेव्हा हे प्रथिन पोटात झिरपून वाया जातं. चपट्या जंतांनी यकृतच खराब केलं, तर ते बनतंही कमी. अल्ब्युमिन घटलं की रक्तातलं पाणी बाहेर पाझरतं आणि मेंढी दिवसभर मान खाली घालून चरत असल्यामुळे ते जबड्याखाली उतरतं.

मेंढीचं अल्ब्युमिन साधारण अडीच ते साडेतीन ग्रॅमच्या आसपास असतं. ते दोनच्या खाली गेलं तर काळजी करायची. इथे एक फसगत होते, ती लक्षात ठेवा. रिपोर्टमध्ये ‘एकूण प्रथिने’ असा आकडा असतो, तो मेंढीत सहा ते आठच्या दरम्यान असतो. जुन्या जंतबाधेत अल्ब्युमिन घटतं, पण जंतांशी लढायला शरीर ग्लोब्युलिन नावाची दुसरी प्रथिनं जास्त बनवतं. एक कमी, एक जास्त; बेरीज तेवढीच राहते. एकूण आकडा पाहून ‘सगळं ठीक आहे’ म्हणू नका. अल्ब्युमिनचा आकडा वेगळा बघा.

यकृताचे आकडे आणि पाणथळ जागेचा धोका

आता त्या चपट्या जंतांकडे येऊ. आपल्याकडे आढळणाऱ्या मोठ्या यकृतकृमीचं नाव फॅसिओला जायगँटिका. याचं आयुष्य मेंढी आणि पाण्यातली गोगलगाय यांच्यात वाटलेलं असतं. लेंडीतून अंडी पाण्यात पडतात, पिल्लू गोगलगायीत शिरून वाढतं, मग बाहेर पडून पाण्याकाठच्या गवताला कवच करून चिकटतं. मेंढी ते गवत खाते. तळ्याचा काठ, कालव्याची पाझर, भाताची ओली खाचरं ही त्याची घरं. माणदेशासारख्या कोरड्या मुलखातल्या मेंढ्या कोकणात उतरल्या, किंवा दुष्काळात धरणाच्या कोरड्या होत जाणाऱ्या पात्रात चरल्या, की हा धोका वाढतो.

गवतातून पोटात गेलेलं पिल्लू आतडं भेदून यकृतात शिरतं आणि काही आठवडे यकृत पोखरत फिरतं. मग पित्ताच्या नळीत जाऊन मोठं होतं आणि अंडी घालू लागतं. याला तीन ते चार महिने लागतात. म्हणजे पहिले तीन महिने लेंडी तपासली तर अंडं सापडणारच नाही. लेंडीचा रिपोर्ट ‘निल’ आणि मेंढी मात्र खंगतेय, असं होतं ते यामुळे. या काळात रक्ताची तपासणी खरी उपयोगी पडते.

यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातली काही रसायनं रक्तात येतात. त्यातलं एक एएसटी, ज्याला काही लॅब एसजीओटी म्हणतात. पिल्लं यकृत पोखरत असताना हे वाढतं. दुसरं जीजीटी. जंत पित्ताच्या नळीत पोचून नळीला इजा करतात तेव्हा ते वाढतं आणि बरेच दिवस वाढलेलं राहतं. एएसटी मात्र स्नायू दुखावल्यावरही वाढतं. मेंढी फार पळवली, कुत्रं लागलं, गाडीत कोंबून आणली, तरी आकडा चढतो. म्हणून जीजीटी आणि अल्ब्युमिन सोबत बघूनच डॉक्टर निष्कर्ष काढतात. माणसाच्या यकृतासाठी बघतात तो एसजीपीटी मेंढीत यकृताबद्दल फारसं सांगत नाही.

साखर, युरिया आणि क्षार

मेंढीच्या रक्तातली साखर माणसापेक्षा कमी, ५० ते ८० मिलिग्रॅम असते. जंत झालेली मेंढी चारा कमी खाते आणि साखर आणखी खाली येते. शेवटच्या महिन्यातल्या, जुळी पोटात असलेल्या मेंढीला हे फार बाधतं. ती आंधळ्यासारखी भिंतीला टेकून उभी राहते, मग बसते ती उठत नाही.

युरिया वाढलेला दिसला तर हगवणीने अंगातलं पाणी कमी झालंय का, किडनीला त्रास आहे का, हे बघतात. कोकरांना कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवीने रक्ताची हगवण लागते, तेव्हा पाणी आणि सोडियम झपाट्याने जातं. आतड्यातल्या बारीक जंतांमुळे कॅल्शियम आणि फॉस्फरस नीट अंगी लागत नाही, आणि वाढत्या कोकरांची हाडं कमजोर राहतात.

आकडे एकत्र कसे बघायचे?

एकच आकडा बघून आजार ठरत नाही. पण ढोबळ मेळ असा घालता येतो.

रक्त कमी आणि अल्ब्युमिनही कमी, हगवण नाही: पोटातला रक्तपिता जंत असण्याची शक्यता जास्त.

रक्त कमी, अल्ब्युमिन कमी, जीजीटी वाढलेलं, आणि मेंढी पाणथळीत चरलेली: यकृतकृमीचा संशय.

अल्ब्युमिन कमी, पण रक्त बरं, पातळ हगवण: आतड्यातले जंत.

रक्त कमी, पण अल्ब्युमिन ठीक, बिलिरुबिन वाढलेलं, डोळे पिवळट, ताप, अंगावर गोचीड: हा पोटातला जंत नाही. गोचिडामुळे रक्तात शिरलेला परजीवी लाल पेशी फोडतोय. याला जंताचं औषध लागू पडत नाही, उपचार वेगळा आहे.

निदान डॉक्टरच करतील. पण एवढं आपल्याला कळलं, तर डॉक्टरांना योग्य गोष्ट सांगता येते आणि चुकीच्या औषधावर पैसा जात नाही.

माणसांच्या लॅबमध्ये तपासलं तर

तालुक्याला जनावरांची लॅब नसते, मग कोणी माणसांच्या लॅबमधून तपासून आणतं. मशीन आकडा देईल, पण त्याच्यापुढे छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा माणसाची असते. मेंढीचं हिमोग्लोबिन १० असलं तर कागदावर ‘कमी’ अशी खूण येईल, पण मेंढीला ते चालतं. एएसटी माणसात चाळीसच्या आसपासपर्यंत ठीक धरतात. निरोगी मेंढीत ते शंभर-दीडशे सहज असतं. लॅबवाल्याने ‘यकृत खराब’ म्हटलं तर घाबरू नका, कागद पशुवैद्यकाला दाखवा. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात किंवा मुंबईत परळ आणि साताऱ्यात शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत जनावरांच्या तपासण्या होतात. जवळ काय आहे ते आपल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे.

नमुना देताना

रक्त मानेच्या शिरेतून, पशुवैद्यकानेच काढायचं. आपलं काम मेंढी शांतपणे धरायचं. पळवून, दमवून आणू नका. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त गोठू नये म्हणून नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करतात. खळखळ हलवलं तर पेशी फुटतात आणि रिपोर्ट चुकतो. लाल झाकणाची नळी उभी ठेवून गोठू देतात. नळ्या थर्मासमध्ये बर्फाशेजारी ठेवा, मधे कापड घाला आणि त्याच दिवशी पोचवा. नळीवर मेंढीचा बिल्ला नंबर आणि तारीख हवी. सोबत चिठ्ठीत लिहा: शेवटचं जंताचं औषध कधी आणि कोणतं दिलं, मेंढी गाभण आहे का, कुठे चरते, गोचीड आहेत का.

सगळ्या कळपाचं रक्त तपासायची गरज नाही. खंगलेल्या दोन, मध्यम दोन आणि चांगल्या दोन अशा सहा मेंढ्यांच्या तपासणीवरून कळपाचा अंदाज येतो. त्याआधी लेंडी तपासून घ्या, ती सोपी आणि स्वस्त. एखादी मेंढी मेली तर पुरण्याआधी डॉक्टरांना बोलवून शवविच्छेदन करून घ्या. एक मेलेली मेंढी उरलेल्या एकोणीस वाचवू शकते.

लॅबशिवायही करता येईल असं काम

दक्षिण आफ्रिकेत फाफा मालन या पशुवैद्यकाच्या नावावरून ‘फामाचा’ नावाचा रंगांचा तक्ता तयार झाला. मेंढीच्या डोळ्याची खालची पापणी हलकी ओढून आतला रंग तक्त्याशी जुळवतात. लाल म्हणजे एक नंबर, पांढराफटक म्हणजे पाच. एक आणि दोनला औषध लागत नाही, चार आणि पाचला लगेच लागतं, तीनचा निर्णय मेंढीची तब्येत बघून. बघायचं ते दिवसाच्या उजेडात. हा तक्ता रक्तपित्या जंतासाठी आहे, सगळ्या आजारांसाठी नाही. तक्ता नसला तरी दर पंधरा दिवसांनी पापणी, जबडा, शेपटीखालची घाण आणि पाठीचा कणा चाचपून बघा. गटातल्या पशुसखीला हे शिकवून घ्या आणि वहीत नोंद ठेवा.

औषध आणि खुराक

दुकानातून बाटली आणून सगळ्यांना सारखं पाजणं ही सवय महागात पडते. कमी डोस दिला की जे जंत वाचतात, त्यांची पिल्लं त्या औषधाला जुमानत नाहीत. डोस वजनावर ठरतो. गोल जंताचं प्रत्येक औषध यकृतकृमीला मारत नाही, आणि मोठ्या यकृतकृमीला मारणारी बरीच औषधं पिल्लांना मारत नाहीत. अल्बेंडाझोल फळलेल्या मेंढीला पहिल्या महिन्यात देऊ नये, गर्भाला इजा होते. औषध दिल्यावर मांसासाठी किती दिवस विकायचं नाही, तेही डॉक्टरांना विचारा. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा लेंडी तपासली, तर औषध लागू पडलं का ते कळतं.

जंत मेले म्हणजे रक्त भरलं असं नाही. रक्त आणि अल्ब्युमिन बनायला प्रथिनं लागतात. शेंगदाणा पेंड, शेवरी, शेवगा, थोडा सुबाभूळ असा चारा तीन-चार आठवडे द्या. चांगलं खाल्लेली मेंढी जंतांना तोंडही चांगलं देते.

जातीचाही फरक असतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या छोट्या गॅरोल मेंढीतला जुळ्यांचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. गॅरोल ही पाणथळ मुलखातली मेंढी जंतांना चांगली टिकते, म्हणून तिचा तोही अंगाने अभ्यास झाला. आपल्या कळपातही बघा: दरवर्षी औषधाशिवाय ज्या मेंढीची पापणी लाल राहते, तिची कोकरं पुढे ठेवा. दरवर्षी आजारी पडणारी आधी विका.

चारण्याची रीतही सांभाळा. पावसाळ्यात दव सुकल्यावर मेंढ्या सोडा, तळ्याच्या काठचं गवत टाळा, पाणी उंच हौदात द्या, वाड्यातली लेंडी उकिरड्यात साठवून कुजू द्या, आणि ताज्या रानात आधी कोकरांना चरू द्या.

या महिन्याच्या मीटिंगसाठी

गटाच्या पुढच्या मीटिंगआधी प्रत्येकीने आपल्या पाच मेंढ्यांच्या पापण्या बघाव्यात आणि वहीत तीन रकाने करावेत: लाल, गुलाबी, पांढरी. मीटिंगमध्ये सगळ्यांची बेरीज करा. पांढऱ्या रकान्यात पाचातली एक जरी आली, तरी पशुवैद्यकाला बोलवा आणि लेंडीच्या तपासणीपासून सुरुवात करा. जुने रक्ताचे रिपोर्ट घरात पडले असतील तर तेही आणा. आता हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन आणि जीजीटी हे तीन शब्द त्यात शोधून, आकडे कुठे उभे आहेत ते एकमेकींना वाचून दाखवा. डॉक्टर आल्यावर तोच कागद त्यांच्यापुढे ठेवा.

आजचं बोलणं इथेच थांबवतो. मेंढ्या सांभाळा, आणि स्वतःचं एचबीही तपासून घ्या. नमस्कार.